जमिनीखालचे पाट

केतकी विहारमध्ये प्रभावती म्हमाणेचा राग सगळ्यांच्या ओळखीचा होता. सरकारी दवाखान्याच्या एक्स-रे विभागात तिची सगळी नोकरी 'श्वास घ्या, रोखून धरा, हलू नका' असं बजावण्यात गेली. त्यामुळे निवृत्त झाल्यावरही ती साधं बोलली तरी समोरचा माणूस क्षणभर श्वास रोखून उभा राही. भाजीवाला तिच्या दारात कोथिंबिरीची जुडी दोनदा झटकून देई, आणि सोसायटीचा अध्यक्ष असलेला तिचा नवरा मल्लिनाथ बैठकीला निघताना कुठं चाललाय ते सांगून निघे.

सोलापूरच्या दक्षिणेला माळावर वसलेली ती जोडघरांची वसाहत. उन्हाळ्यात पारा सत्तेचाळीसच्या खाली उतरायला तयार नसे. शाळा पहाटे भरून नऊला सुटत, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नसे, आणि नळाला आठवड्यातून एकदा पाणी येई. अशा ठिकाणी प्रभावतीनं बाग केली होती. लिंबू, दोन डाळिंबं, एक सीताफळ, मोगऱ्याचा ताटवा, मोरीच्या पाण्यावर माजलेलं अळू, आणि मधल्या वाफ्यात ऋतूप्रमाणे मेथी, वांगी, नाहीतर मिरच्या. छपराचं सगळं पाणी एका मोठ्या शोषखड्ड्यात उतरवलेलं होतं. तो खड्डा तिनं स्वतः उभं राहून खणून घेतला होता आणि त्यात विटांचे तुकडे, वाळू, कोळसा असे थर स्वतःच्या हातानं भरले होते; तळाशी साचलेलं पाणी वर काढायला एक हातपंपही बसवला होता. तांदळाचं धुवण, भाजीचं पाणी, कपड्यांचं शेवटचं पाणी, सगळं बादलीतून बागेत जाई. पानगळ झाली की सगळा पाचोळा आळ्यांत पडे. चैत्र लागला की जुन्या सुती साड्या बांबूंना बांधून ती मोगऱ्यावर सावली धरी. मल्लिनाथ म्हणे, "माझ्या आईच्या इरकली साड्या बागेला नेसवल्यास तू."

त्या वर्षी भाद्रपदात तिची भाची गौतमी हंचाटे पुण्याहून आली, ती दोन पोती घेऊन.

गौतमी मृदाजीवशास्त्रातली डॉक्टर. प्रभावतीच्या धाकट्या बहिणीची मुलगी, आणि लहानपणापासूनची हिची लाडकी. पोत्यांत करडे, साबुदाण्याएवढे दाणे होते.

"मावशी, झाडांच्या मुळांवर बुरशी राहते, हे काही मी शोधलेलं नाही," भाकरीचा तुकडा शेंगाच्या चटणीत बुडवत ती सांगू लागली. "जमिनीवर पहिली झाडं आली, तेव्हापासून ती सोबत आहे. झाड तिला साखर देतं, ती झाडाला पाणी आणि क्षार आणून देते. तिचे तंतू केसापेक्षा बारीक. मूळ जिथं शिरू शकत नाही, तिथं ते शिरतात. आणि एका झाडाच्या मुळावरचे तंतू दुसऱ्या झाडाच्या मुळापर्यंत पोचतात."

"मग तू काय केलंस?"

"त्यांच्यात पाण्याची दारं वाढवली. पेशीच्या भिंतीत पाणी आत-बाहेर करणारी प्रथिनं असतात. आमच्या जातीत ती कितीतरी पट जास्त आहेत, आणि तंतू एकमेकांना पिळे घालून दोरे बनवतात. जमिनीखालचे पाटच म्हण ना. ओल्या मातीतून कोरड्या मातीकडं पाणी आपोआप सरकतं. पंप नाही, वीज नाही. दिवसा पानं पाणी ओढत असतात. रात्री पानांची तोंडं मिटली की मग जमिनीखाली वाटप सुरू. एका वसाहतीत सगळ्या बागांना हे दिलं, तर अख्खी वसाहत मिळून एकच मोठी बाग होते. कुणाचंच झाड तहानेनं मरत नाही."

मल्लिनाथनं आयुष्यभर कॉलेजात समाजशास्त्र शिकवलं होतं. तो भाकरी तशीच हातात धरून राहिला. "ज्याच्याकडं आहे त्याचं, ज्याच्याकडं नाही त्याला! अगं, माणसांना जमलं नाही ते तुझ्या बुरशीला जमलं की."

"आणि ज्याच्याकडं आहे त्यानं ते कसं साठवलं, हे बुरशीला कळतं का?" प्रभावतीनं विचारलं.

गौतमी हसली. "मावशी, ती बुरशी आहे गं."

सोसायटीनं ठराव केला. घराघरांतल्या आळ्यांत आणि रस्त्याकडेच्या फरशांखाली दाणे पेरले गेले. पहिल्या हिवाळ्यात प्रभावतीलाही नावं ठेवायला जागा उरली नाही. मेथी हातभर वाढली. डाळिंबं लालभडक झाली. गल्लीच्या टोकाला रस्त्याकडेची कडुलिंबाची झाडं उन्हाळ्याआधीच मान टाकत, ती मकर संक्रांतीला तुकतुकीत उभी होती. गौतमीनं लावलेल्या यंत्रांत गल्लीचं दुपारचं तापमान शेजारच्या वसाहतीपेक्षा दोन अंशांनी कमी दिसलं. मल्लिनाथ ते आकडे येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवू लागला. इतर शहरांतली माणसं बघायला आली, तेव्हा प्रभावतीनं त्यांना स्वतःच्या झाडाच्या लिंबांचं सरबत दिलं.

फाल्गुनात लिंबाची पानं वळू लागली.

आधी तिला वाटलं, मावा पडला. पानं उलटून पाहिली, काही नव्हतं. आळ्यात बोट खुपसलं, तर माती भुगा. आदल्या संध्याकाळीच दोन बादल्या ओतल्या होत्या. तिनं पाचोळा वाढवला, साड्या लवकर बांधल्या, स्वतःच्या अंघोळीचं पाणी परातीत धरून बागेत नेलं. सकाळी माती पुन्हा कोरडी. मोगऱ्याच्या कळ्या टपोऱ्या व्हायच्या आधीच गळू लागल्या. अळू जमिनीला टेकलं. जोत्याच्या पाइपला कान लावून ती गळती शोधत बसली. मग सगळी भांडी घासून झाल्यावर तिनं गौतमीला फोन केला, आणि तिच्याकडून एक हिरवट भुकटी आणि जांभळ्या प्रकाशाची बॅटरी मागवून घेतली.

"पाणी कुठं जातंय ते या रंगानं कळेल," गौतमी म्हणाली. "खड्ड्यात ओत. मग पहाटे बघ. गवत आणि केळीसारखी झाडं रात्री जास्त प्यायली, तर पहाटे पानांच्या टोकांतून थेंब बाहेर टाकतात. रंग त्या थेंबांत उतरेल."

तिनं रंग ओतला. तिसऱ्या पहाटे तांबडं फुटायच्या आधी ती बॅटरी घेऊन गल्लीत उतरली. शेजारच्या जोशींच्या जास्वंदीवर काही नव्हतं. पुढच्या घरी दोन-चार ठिपके. मग ती अभिजित कटारेच्या फाटकाशी आली, आणि तिनं बॅटरी आत वळवली.

सगळी हिरवळ पेटली होती. गवताच्या एकेका पात्याच्या टोकाला मोहरीएवढा पोपटी थेंब चमकत होता, हजारो. मागं केळीची रांग होती. तिच्या पानांच्या कडांवरून तोच प्रकाश टपटपत होता. तिचं तांदळाचं धुवण, तिच्या अंघोळीचं पाणी, गेल्या पावसाळ्यात तिनं छपराच्या पन्हाळीतला पाला काढून काढून खड्ड्यात उतरवलेला थेंब न् थेंब, कुणा दुसऱ्याच्या अंगणात दिवाळी करत होतं. त्या दृश्यानं ती इतकी संतापली, की पुढच्या घरांकडं बघायचं तिच्या डोक्यातूनच गेलं. तिथंच तिनं फाटक खडखडवलं.

कटारे चाळिशीचा, श्रीमंतांच्या गच्च्यांवर बागा करून देणारा माणूस. आठवड्यातले चार दिवस तो पुण्यात असे. डोळे चोळत बाहेर आला. तिनं बॅटरी त्याच्या हिरवळीवर धरली आणि तो रंग कुठला ते सांगितलं. तो चकित झाला नाही. थोडासा हसलाच.

"तुम्ही या हिरवळीला शेवटचं पाणी कधी घातलंत?" तिनं विचारलं.

"संक्रांतीपासून नाही. गरजच पडली नाही. तुषार सिंचनाचे पाइपसुद्धा काढून टाकले."

"आणि केळी?"

"केळी मुद्दाम लावली, काकू. भाचीबाईंचा लेख वाचला मी. जिथं माती जास्त कोरडी आणि झाडं जास्त तहानलेली, तिकडं पाणी. म्हणून वाफ्यात वाळू भरली आणि तहानलेली झाडं लावली. मी नियम मोडला नाही, नीट समजून घेतला."

"माझी झाडं मरतायत."

"मग तुम्हीपण लावा की केळी," तो अगदी मदत केल्यासारखा म्हणाला. "काकू, मी तुमच्या अंगणात पाऊल तरी टाकलंय का? पाणी आभाळातून पडलं. तुमचं कसं काय?"

तिला शिव्या येत नव्हत्या असं नाही. दवाखान्यात तीस वर्षं काढलेल्या बाईला त्या येतातच. पण त्या क्षणी एकही पुरेशी वाटेना. ती घरी आली आणि तिनं झोपलेल्या मल्लिनाथच्या अंगावरची चादर ओढली.

पुढच्या काही आठवड्यांत जे झालं, ते तिला कटारेच्या हसण्यापेक्षा जास्त लागलं. गोष्ट गल्लीत पसरली आणि लोक चिडण्याऐवजी शहाणे झाले. जोशींनी केळीचे मुनवे आणून लावले. समोरच्यांनी बांबू लावला. ज्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या पाणी घालून तुळस जगली, त्यांनी झाऱ्या माळ्यावर टाकल्या. आळ्यांतला पाचोळा उचलून बाहेर फेकला गेला, कारण पाचोळ्यानं ओल टिकते, आणि आता ओल टिकवणारा मूर्ख ठरत होता. रोज संध्याकाळी गल्लीत बादली घेऊन वाकलेली एकच बाई दिसे.

प्रभावतीच्या हट्टावरून गुढीपाडव्याला संध्याकाळी बैठक बोलावली गेली. माणसं नव्या कपड्यांत, तोंडात कडुलिंबाची चव घेऊन आली होती. तिनं सरळ मागणी केली: ज्या बागांना जोडणी आहे, त्या प्रत्येकानं मातीत काही एक ओल राखलीच पाहिजे. गौतमीकडची साधी ओलमापकं लावावीत. राखणार नाही त्याची जोडणी तोडावी.

"म्हणजे कोण किती बादल्या ओततो यावर पहारा ठेवायचा?" कुणीतरी म्हणालं.

"वयस्कर माणसांनी काय करायचं?" दुसऱ्यानं विचारलं.

कटारे शांतपणे उठला. "आपण ठराव केला तेव्हा काय ठरलं होतं? गरज असेल त्याला पाणी. काकूंच्या बागेत जास्त होतं, ते इतरांना गेलं. ही समानताच आहे. आता त्यांना त्रास होतोय, कारण त्यांना जास्त ठेवायची सवय होती."

टाळ्या पडल्या. प्रभावतीनं अध्यक्षाच्या खुर्चीकडं पाहिलं. मल्लिनाथ चष्मा पुसत होता.

"मला वाटतं," तो म्हणाला, "एका बागेसाठी अख्खा प्रयोग बिघडवणं बरोबर नाही. गल्लीचं तापमान दोन अंशांनी उतरलंय, हे विसरू नका. देशमुखांच्या आईंना मागच्या उन्हाळ्यात दोनदा दवाखान्यात न्यावं लागलं होतं, यंदा त्या ओट्यावर बसतात. मागणी मताला टाकतो."

तिच्या बाजूनं वर गेलेला हात एकटा तिचाच होता.

घरी आल्यावर ती पुरणाचं पातेलं झाकून ठेवत म्हणाली, "तुम्ही बरोबर बोललात असं तुम्हाला वाटतं?"

"पूर्णपणे चूक तरी बोललो नाही."

"ज्यानं मेहनत केली त्याचं घेऊन ज्यानं केली नाही त्याला देणं, याला तुमच्या पुस्तकात काय म्हणतात?"

"प्रभा, तू बागेबद्दल बोलतेयस. मी माणसांबद्दल बोलतोय."

"मीपण माणसांबद्दलच बोलतेय!" तिनं झाकण इतक्या जोरात टाकलं, की फडताळातली भांडी वाजली. त्या रात्रीपासून दोघांत जेवायला वाढल्याचं आणि दार लावल्याचं एवढंच बोलणं उरलं.

तिनं गौतमीला बोलावून घेतलं. ती आली, बागेत गुडघे टेकून बसली. खुरप्यानं तिनं मोगऱ्याच्या बुडाशी उकरलं आणि एक मूळ तळहातावर घेऊन मावशीला दाखवलं. मूळ जाडसर होतं, बोडकं. त्याला फुटायला हवीत ती बारीक पांढरी तंतुमुळं जवळजवळ नव्हतीच. त्यांच्या जागी करडा, कापसासारखा बुरशीचा गुंता.

"हे आम्हाला उशिरा कळलं," गौतमी हळू आवाजात म्हणाली. "सगळं पाणी बुरशी आणून देते म्हटल्यावर झाडं स्वतःची बारीक मुळं वाढवायची थांबली. झाडं कंजूष असतात, मावशी. नको तिथं खर्च करत नाहीत."

"मला तोडायचंय."

"मला माहितेय. कुंपणाच्या आतून तीन-साडेतीन फूट खोल चर खण आणि त्यात जाड प्लास्टिक उभं कर, की जोडणी तुटली. पण आता नको. पावसाळ्यात तोड. ओल असली की झाडांना नवी मुळं फोडायला वेळ मिळेल. वैशाखात तोडलीस, तर तुझी निम्मी बाग मरेल. आणि बाहेर कुणाकुणाची झाडं तुझ्या खड्ड्यावर जगतायत, ते आपण तपासलेलंच नाही. मला दोन आठवडे दे, मी सगळ्या गल्लीत रंग फिरवते."

"दोन आठवडे त्या माणसाची केळी पोसू?"

"मावशी, बुरशीनं काही वाईट केलेलं नाही."

"बुरशीवर मी चिडलेच नाही. माणसांवर चिडलेय. आणि थोडीशी तुझ्यावर. तू पाण्याचा विचार केलास, ओढणाऱ्याचा नाही केलास."

गौतमीचा चेहरा उतरला. "सहा वर्षं घालवलीत मी यात," ती म्हणाली. "मला वाटलं, माणसांना एकमेकांच्या झाडांची काळजी वाटेल." तिनं खुरपं मातीत रोवून ठेवलं आणि चहा न घेता निघून गेली.

प्रभावतीनं दोन आठवडे थांबायला हवं होतं. ते तिला समजतही होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कटारेच्या अंगणात चार पाहुणे आले. तो त्यांना केळीची रांग दाखवत होता आणि मोठ्यानं सांगत होता, "पाण्याचा थेंब न घालता!" दोन घरं ओलांडून आलेलं ते बोलणं ऐकून तिनं टिकाव उचलला.

चर खणायला तिला जवळजवळ आठवडा लागला. मुरमाचा थर लागला तिथं दोन मजूर बोलवावे लागले. बाकी सगळं ती एकटी करत होती, पहाटे आणि सूर्य कलल्यावर. मल्लिनाथ खिडकीत उभा राही आणि पडदा सरकवून आत जाई. एकदा तो म्हणाला, "पाठ धरेल," आणि ती म्हणाली, "माझी आहे." खोदताना टिकावाच्या घावानं ते करडे दोरे तुटत. काही करंगळीएवढे जाड होते, आणि तुटल्यावर त्यांतून पाणी पाझरे. तिनं असा एक दोरा हातात धरून पाहिला. जिवंत होता, गार होता. तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा आणखी राग आला. मग तिनं सगळीकडं प्लास्टिक उभं करून माती दाबून टाकली.

गौतमी म्हणाली होती तसंच झालं. मोगऱ्याचा अर्धा ताटवा चार दिवसांत वाळला. सीताफळ गेलं. लिंबाच्या एका बाजूच्या फांद्या काळ्या पडल्या. दुसऱ्या बाजूला तिनं ओली गोणपाटं गुंडाळली, सावली केली, आळ्यात रोज थोडं थोडं पाणी दिलं, आणि महिनाभरानं तिथं डोळ्यांत भरावी अशी एक पोपटी पालवी फुटली. डाळिंबं कशीबशी तगली. रोज सकाळी मातीत बोट खुपसलं की आता बोटाला ओल लागे. ती तिची होती.

बाहेर गल्ली मात्र वेगानं करपली. कुणीच पाणी घालत नव्हतं, सगळेच ओढत होते, आणि ओढायला आता काही उरलं नव्हतं. केळीची पानं फाटून लोंबली. कटारेची हिरवळ आधी पिवळी, मग गवती चटईच्या रंगाची झाली. तो तावातावानं तिच्या दारात आला.

"तुम्ही माझी बाग मारलीत!"

"पाणी घाला."

"कुठलं पाणी?"

"तुमचं," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

त्या दिवशी खूप दिवसांनी तिला पोटभर जेवण गेलं.

चार दिवसांनी संध्याकाळी नरसम्मा बोल्ली आली. गल्लीच्या अगदी टोकाच्या घरात ती एकटी राही. सत्तरी उलटलेली. तेलंगणातून लग्न होऊन सोलापुरात आलेली, आयुष्यभर विड्या वळून बोटं वाकडी झालेली. तिच्या दारापुढं अबोलीचा एक वाफा होता. आईच्या अंगणातलं रोप तिनं लग्नानंतर आणून लावलं होतं, आणि त्याच्या रोपांची रोपं तिनं आजवर वाढवली होती. संध्याकाळी त्या केशरी फुलांचे गजरे गुंफून ती गल्लीतल्या पोरींच्या वेण्यांत माळी. फुलांचा वास नाही म्हणून कुणी नाक मुरडलं, तर "वास नाही, पण सुकत पण नाही," असं सांगे.

"म्हमाणेबाई, तुमाला झाडांचं कळतंय म्हणून आले," ती ओट्यावर टेकत म्हणाली. "माझी अबोली मरायली. गेल्या साली गुडघे धरले तवापासून पाणी घालत नव्हते, तरी चांगली होती. बुरशी देतीय म्हणून म्हाताऱ्या बाईचं बरं झालं म्हटलं. आता आठ-धा दिवसांत पार वाळली. काय रोग पडला म्हणायचा?"

प्रभावतीला रंगाचे ते थेंब आठवले. त्या पहाटे बॅटरी कटारेच्या फाटकावर थांबली होती. तिथून चार घरं पुढं गेली असती, तर हा वाफाही चमकताना दिसला असता.

"रोग नाही," ती म्हणाली. "माझ्या खड्ड्यातलं पाणी तुमच्या अबोलीला येत होतं. मी जोडणी तोडली."

नरसम्मानं तिच्याकडं बघितलं. समजायला तिला थोडा वेळ लागला. मग ती ओट्यावरून उठली, गुडघ्यावर हात दाबून, पण झटक्यात.

"मला सांगायचं होतं की," ती म्हणाली. "आधी एकदा सांगायचं होतं. मी सरकत सरकत तांब्या-तांब्या घातला असता. नाहीतर पोरींना सांगितलं असतं. मी काय चोर हाय?"

"नाही हो. मला माहीतच नव्हतं…"

"माहीत करून घ्यायचं होतं! सगळ्या गल्लीला माहीत, तुमी शिकलेल्या. माझ्या आईचं झाड होतं ते!" तिचा आवाज फाटला. पदर तोंडाला लावून ती निघाली. पाठीमागून प्रभावती "पाणी आणते" म्हणाली, तर न वळता ओरडली, "नको तुमचं पाणी!"

आजवर प्रभावती ओरडायची आणि बाकीचे ऐकायचे.  आत मल्लिनाथनं सगळं ऐकलं होतं. तो दारात आला. आता काहीतरी म्हणेल, असं तिला वाटलं. बैठकीतलं एखादं वाक्य. पण मोरीतली मोठी बादली त्यानं शोषखड्ड्याच्या पंपाखाली लावली आणि दांडा हापसू लागला. तिनं झारी घेतली, बादली घेतली, आणि गल्लीच्या टोकाकडं चालू लागली. बादली जड होती. ती मधे दोनदा थांबली. लोक ओट्यांवरून बघत होते.

नरसम्माचं दार बंद होतं. वाफ्यातल्या अबोलीच्या काड्या झाल्या होत्या, पानं हाताला लागताच चुरा होत होती. प्रभावतीनं वाळलेली माती हलक्या हातानं मोकळी केली आणि झारीनं पाणी सोडायला सुरुवात केली. मेलेल्या झाडांना पाणी घालणं हा वेडेपणा आहे हे तिला दिसत होतं, पण दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं.

वाफ्यातून एकदम 'टप्' असा आवाज आला. मग 'टप् टप्', मग लाह्या फुटाव्यात तसं सगळीकडून. वाळलेल्या तुऱ्यांत शेंगा राहिल्या होत्या. पाणी लागलं तशा त्या तडतडून उकलल्या आणि चपटं, काळसर बी हातभर लांब उडवू लागल्या. एक तिच्या गालाला लागलं.

दार उघडलं. नरसम्मा उंबऱ्यावर उभी राहून वाफ्याकडं बघत होती. तिचे डोळे सुजले होते.

"उगवंल का?" तिनं विचारलं.

"पाणी मिळालं तर उगवेल."

"मग उद्यापण आणावं लागंल."

"आणीन."

"परवापण. पाऊस येस्तोवर."

"आणीन म्हटलं ना!"

"वरडू नका," नरसम्मा म्हणाली. "तुमी वरडायचं नाही आता." आणि दारात बसून ती आवाज ऐकत राहिली, शेंगा तडतडायच्या थांबेपर्यंत.

रिकामी बादली घेऊन प्रभावती परत निघाली तेव्हा कटारे त्याच्या फाटकात उभा होता. त्याच्या मागं केळीची रांग मोडून पडली होती. त्यानं बादलीकडं पाहिलं, गल्लीच्या टोकाकडं पाहिलं.

"त्यांना देताय, काकू," तो म्हणाला. आवाज आता पूर्वीसारखा शांत नव्हता. "मग आमच्यावर एवढा राग कशाला?"

प्रभावतीनं बादली या हातातून त्या हातात घेतली.

"त्यांची अबोली मी मारली," ती म्हणाली. "तुमची हिरवळ तुम्ही मारलीत." आणि दुसरी बादली आणायला घराकडं चालू लागली.